अण्णांच्या नकाशातला रस्ता

टेबलावर

भोरला आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं असतं. सप्टेंबर संपता संपता त्यावर जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं पसरलेलं होतं, चारी कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवलेले, आणि अण्णा त्यावर पेन्सिलीनं रस्ते काढत होते. अण्णा म्हणजे माझे सासरे. जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या गोठ्यागोठ्यांत, मोटरसायकलवर औषधांची पेटी बांधून, त्यांनी तीस वर्षं गुरांना सुया टोचल्या. आता एक्क्याऐंशीचे आहेत, पण हात थरथरत नाही. "हा नसरापूरचा ओढा. इथं वड. वडाच्या पुढं चढ," असं पुटपुटत ते काढत होते, आणि मी विद्यार्थिनीसारखी शेजारी उभी होते. एरवी विद्यार्थिनी माझ्यासमोर उभ्या राहतात, कारण मी इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते.

बेत असा होता. शाळेतल्या माझ्या वर्गातल्या पाचजणी, आता सगळ्या पन्नाशीला टेकलेल्या, दिवाळीनंतर दोन दिवस आपापल्या गाड्यांवरून फिरायला येणार होत्या. हायवे नको, हॉटेल नको, गर्दी नको. शांत रस्ते, डोंगर, पाणी आणि चुलीवरची भाकरी हवी. "तू तिथलीच आहेस, तूच आख," असं ग्रुपवर एकमतानं ठरलं आणि मीही छाती फुगवून हो म्हटलं. आता आखणारीनं आधी स्वतः फिरून यायला नको का?

इथं माझा नवरा मधे आला. मिलिंद तसा शांत माणूस, पण माझ्या मोटरसायकलचं नाव काढलं की त्याच्या कपाळावर आठी उमटते. त्याला कारण आहे. गेल्या डिसेंबरात केळदच्या खिंडीतून उतरताना मी पडले. मनगट मोडलं आणि गाडी बाळूच्या टेम्पोतून भोरला आली. बाळू हा मिलिंदचा वर्गमित्र. त्यानं गाडी दोरीनं आवळून बांधली होती, आणि नेमका बाजाराचा दिवस, त्यामुळे अख्ख्या भोरनं ती वरात पाहिली. पुढं महिनाभर भाजीवाल्या मला विचारायच्या, "बाई, टेम्पो कवा घेतला?"

मनगट जुळलं. पण तेव्हापासून मी गाडी गावाबाहेर काढली नव्हती. शाळा, मंडई, घर, बस्स. हे मी कुणाजवळ बोलत नव्हते, पण मिलिंदला दिसत होतं.

"माझी एक अट," तो म्हणाला. "दोन दिवस फिरून ये. पण टेम्पो बोलवायची वेळ आली तर गाडी विकायची. मग हा विषय पुन्हा नाही."

"मान्य," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. मग स्वयंपाकघरात जाऊन दोन पेले पाणी प्यायले.

अण्णा या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि भाटघर धरणाच्या एका काठावरून निघून दुसऱ्या काठाला भिडणारी एक लांब रेघ ओढली. "हा खास माझा रस्ता. एक गाडी आडवी येणार नाही." मी लगेच त्या रेघेवर लाल पेन फिरवला. फेरीचा शेवट याच रस्त्यानं करायचा, हे तिथंच ठरलं.

पहिला दिवस: वरवे ते वेल्हे

मागच्या सीटवर मला अलका हवी होती. अलका ही मिलिंदची धाकटी बहीण, वरवे बुद्रुकला दिलेली. तिला गाडी चालवता येत नाही, पण तिला भीती म्हणून कशाचीच वाटत नाही, आणि आमच्या दोघींत एवढा गुण एकीत तरी असायला हवा होता. ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी भोरहून निघाले, हायवेचा तेवढा तुकडा श्वास रोखून पार केला आणि तिच्या दारात हॉर्न वाजवला. ती गुलाबी हेल्मेट घालून ओट्यावर तयारच होती. कुठून आणलं ते देव जाणे, त्यावर पांढरी फुलं होती.

"दोघीच? बाप्या न्हाई कुणी संगं?" तिच्या सासूबाईंनी विचारलं.

"न्हाई आत्या, दोघीच," अलका म्हणाली.

"लई ब्येस. बाप्या आसला की वाटंत धा येळा च्या मागतो." त्यांनी फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा अलकाच्या मांडीवर ठेवला, तिच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः ओढून पाहिला आणि मला म्हणाल्या, "ही बया लई बोलती. तिच्याकडं ध्यान दिऊ नगा, रस्त्याकडं द्या."

नसरापूरला टाकी गळ्यापर्यंत भरली. ज्यांना जायचंय त्यांनी ही गोष्ट लिहून ठेवा: पुढं पेट्रोलचा भरवसा धरायचा नाही. बाजारपेठेतल्या शेअर रिक्षा आणि एसटीच्या गर्दीतून एकदा बाहेर पडलं की रस्ता पश्चिमेला वळतो, आणि मग काय सांगू! दोन्ही बाजूंनी भात पिकत आलेलं, पिवळंही नाही आणि हिरवंही नाही अशा रंगाचं, आणि त्याचा तो ओलसर गोड वास थेट हेल्मेटच्या आत. डावीकडं राजगड. मी लहानपणापासून राजगड पाहत आलेय, पण एसटीच्या खिडकीतून दिसणारा राजगड वेगळा आणि मोटरसायकलवरून दिसणारा वेगळा. एसटीत तो येतो आणि जातो. इथं तो तासभर आपल्या बरोबरीनं चालतो. वळणामागं लपतो, परत पुढं उभा. मी चाळीसच्या वर जात नव्हते आणि मागून अलकाचं समालोचन अखंड चालू होतं: "वहिनी, खंड्या! वहिनी, ते घर बघ! वहिनी, बघू नको, समोर बघ!"

मार्गासनीच्या पुढं एका वस्तीशी रस्ता अचानक निम्माच उरला. उरलेल्या निम्म्या डांबरावर भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. शेजारी काठी घेऊन एक आजोबा बसलेले. भोरला आम्ही वाळवण गच्चीवर घालतो आणि वर कावळ्यांसाठी जुनी सीडी टांगतो. इथं डांबर तापतं, म्हणून रस्ता हेच अंगण. मी ब्रेक लावून थांबले.

"या की," आजोबा म्हणाले. "निम्मा रस्ता सरकारचा, निम्मा माजा. तुमी सरकारी अंगानं जावा."

आम्ही सरकारी अंगानं गेलो. आजोबांनी मूठभर शेंगा अलकाच्या ओंजळीत घातल्या आणि पुढचे दहा किलोमीटर ती त्या सोलून मागून माझ्या तोंडात भरवत राहिली. हेल्मेटची काच वर करून दाणे खात गाडी चालवणं नियमात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. शाळेत कुणी सांगू नका.

सरकारी पाट्यांवर आता राजगड तालुका असलं तरी लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. दुपारी तिथं पोचलो तेव्हा तोरण्याचा माथा ढगात होता. गडावर जाणाऱ्या ट्रेकवाल्यांना हिराकाकू आणि त्यांचे मालक, तात्या, आपल्या घरातल्या दोन खोल्या देतात. आमच्या भोरला पाहुणा आला की आम्ही विचारतो, "चहा घेणार की सरबत?" मग पाहुणा नको नको म्हणतो, आम्ही आग्रह करतो आणि पाच मिनिटं त्यात जातात. हिराकाकूंनी काही विचारलं नाही. तांब्याभर पाणी आणि वाटीत गुळाचा खडा समोर ठेवला, आणि आम्ही हातपाय धुऊन येईतो ताटं वाढलेली. खेकड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी! खेकडे सकाळीच भातखाचरातून धरलेले. मी पहिला पाय चावून फोडला आणि रस्सा थेट पांढऱ्या कुडत्यावर. ते डाग अजून गेलेले नाहीत आणि जावेत असं मला वाटतही नाही.

संध्याकाळी ओसरीवर मी अण्णांचा नकाशा उलगडला आणि तात्यांना ती लाल रेघ दाखवली. "तात्या, हा रस्ता आहे का हो?"

तात्यांनी चष्मा लावून पाहिलं. "हाय की. म्या बैल घिऊन गेलोय ह्या रस्त्यानं. सपाट रस्ता हाय, एक दगूड न्हाई."

"गाडी जाईल?"

"न जायाला काय झालं? ट्रॅक्टर जात्यात."

झालं, खात्री पटली. दुसऱ्या दिवशी वाटेत आणखी एका बाईंना विचारलं, त्याही म्हणाल्या, "व्हय, हाय ना." आता मला कळतंय की तिघांनीही खरं तेच सांगितलं होतं. प्रश्न माझाच चुकला होता.

दुसरा दिवस: खिंड

सकाळी मी अर्धा चहा तसाच ठेवून उठले. अलकानं ओळखलं, पण बोलली नाही. ती गप्प आहे म्हणजे तिलाही काळजी आहे, हे मी ओळखलं.

वेल्ह्याहून केळदला जाताना एक खिंड लागते. चढ थोडा कठीण आहे, झाडी दाट, आणि उतारावर सोनकीच्या पिवळ्या फुलांचे पट्टेच्या पट्टे. माथ्यावर येईपर्यंत मी ठीक होते. पलीकडं उतरायला लागले आणि पहिलं वळण संपताच हाताला घाम सुटला. दुसरं वळण समोर दिसलं. तेच. कठड्याचा तोच तुटका दगड. मी गाडी बाजूला घेतली.

"वहिनी, हेच का?"

"हेच."

"मी उतरून चालत जाऊ का?"

"उतर," मी म्हटलं. बाळूचा टेम्पो, दोरी, बाजार, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पहिला गियर टाकला, पण क्लच सुटेना. मला भीती वाटत होती, अगदी साधी भीती.

तेवढ्यात वळणावरून गवताचा भारा चढत आला. भाऱ्याखाली एक बाई होती. मला तशी अधांतरी उभी पाहून ती थांबली.

"घसरतंय व्हय?"

"मागच्या वर्षी पडले होते इथं."

"आतल्या अंगानं ग्येला आसाल." भारा डोक्यावर तसाच ठेवून तिनं पायानं दाखवलं. "पावसाचं पाणी समदी खडी आत आनून टाकतंय. समदी गाडीवाली भिऊन आत घेत्यात आन् पडत्यात. तुमी भाईरच्या अंगानं जावा. तितं डांबर सवच्छ हाय."

बाहेरच्या अंगाला दरी होती. मागच्या वर्षी तिला घाबरूनच मी आत वळले होते. बाई वाट अडवून माझ्याकडं पाहत उभी राहिली, जणू परीक्षक. मी क्लच सोडला, बाहेरची बाजू धरली, दरीकडं न बघता वळणाच्या टोकाकडं बघत राहिले, आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वळली. मागून अलकाची शिट्टी! होय, माझी नणंद दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारते, हे मला लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर कळलं.

मग काय, मी सुटलेच. केळदच्या पुढं मढेघाटाच्या कड्यावर गेलो. खाली कोकण. धबधबा अजून जोरात होता आणि वारा त्याचं पाणी उलटं आमच्या तोंडावर फेकत होता. तिथं उभं राहून मी जोरात ओरडले. शब्द काही नव्हते, नुसती ओरडले. शेजारचे दोन तरुण दचकले आणि एकानं विचारलं, "काकू, काही झालं का?" मी म्हटलं, "झालं!" आणि त्याच भरात वहीत लिहिलं: खिंड, दुसरं वळण, बाहेरच्या अंगानं. खाली दोन रेघा.

पाणी

केळदहून भोरच्या बाजूला उतरणारा रस्ता हा सगळ्या फेरीतला सर्वांत एकांताचा. तासाभरात एक एसटी आणि एक दुधाचा टेम्पो, एवढंच. ओढ्याकाठी बसून आत्यांच्या भाकऱ्या खाल्ल्या. मग चारच्या सुमारास लाल रेघेचा फाटा आला. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. माझ्या मैत्रिणी येऊन जाईपर्यंत ते आमच्याजवळच राहू द्या. रस्ता मऊ, मातीचा, दोन्ही बाजूंनी बाभळी. अलका गाणं म्हणत होती. एक वळण घेतलं आणि मी दोन्ही ब्रेक दाबले.

रस्ता सरळ पाण्यात गेला होता.

थोडंथोडकं नव्हे, अख्खं भाटघर समोर पसरलेलं, काठोकाठ भरलेलं. रस्ता उतरत उतरत त्यात शिरत होता, एका बाभळीचा नुसता शेंडा वर होता आणि दूर पलीकडच्या काठावर तोच रस्ता पुन्हा बाहेर येताना बोटभर दिसत होता. अलकाचं गाणं थांबलं.

"वहिनी, हे धरण आहे."

"दिसतंय मला."

अहो, मी भोरची! धरण भरलं की आम्ही सहकुटुंब बघायला जातो. ऑगस्टमध्ये मी स्वतः तिथं उभी राहून फोटो काढले होते. आणि त्याच धरणाच्या पोटातून जाणारा रस्ता मी ऑक्टोबरात लाल पेननं रंगवला होता. वर म्हणे विज्ञानाची बाई!

काठावर एक रुंद होडी उभी होती, आणि तिच्यात इंजिनाशी खटपट करणारे दगडूमामा. सत्तरीचे असतील. त्यांनी आमची सगळी कहाणी ऐकून घेतली. काठाकाठानं भोरला जाणाऱ्या रस्त्यावर एका मोरीचं काम काढलं होतं, आज सायकलसुद्धा जात नव्हती. म्हणजे आल्या वाटेनं परत खिंड, वेल्हे, नसरापूर. अंधारायच्या आत ते होण्यातलं नव्हतं. मोबाईलला रेंज नाही.

"वरच्या वाडीत रेंज येती," मामा म्हणाले. "टेम्पो बोलवा कुठनं तरी."

अलकानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. नाही म्हणजे नाही. सकाळचं ते वळण मी असं घालवणार नव्हते.

"मामा, गाडी होडीत चढंल का?"

"शेरडं चढत्यात, म्हस चढलीया एकदा. गाडी का न्हाई?"

भातकापणीवरून परतणारे तिघेजण होडीची वाट बघत होतेच. दोन फळ्या टाकल्या, "हां, जोर लावा, आता धरा," असा कल्लोळ झाला आणि माझी गाडी होडीत! स्टँडवर लावली तर डुलायला लागली. मग मामांनी फर्मान काढलं: "बाय, तुमी गाडीवर बसा. पाय दोनी बाजूला टेका आन् बिरीक सोडू नगा." तर अशी मी, हेल्मेट घालून, दोन्ही ब्रेक दाबून, भाटघरच्या पाण्यातून मोटरसायकलवर बसून निघाले. शेजारी लेकीला नवे तांदूळ घेऊन निघालेली एक म्हातारी होती. ती तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी तिला राहवेना. "आवो, हारन तरी वाजवा!"

मी वाजवला. बगळे उडाले. सगळी होडी हसली.

मामांनी एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्या हातात नकाशा घेतला. "ह्यो रस्ता बराबर काढलाय की. कुनी काढला?"

"माझ्या सासऱ्यांनी. भोरचे, जनावरांच्या दवाखान्यात होते."

"अण्णा डाक्टर? आरं तिच्या! त्यो मानूस गुरांला लाळ्या-खुरकुताच्या सुया द्यायला यायचा. उन्हाळ्यात! शिमग्याला पानी उतरलं की ह्यो रस्ता निगतो, पाऊस लागला की बुडतो. समद्यांला म्हाईत हाय." मग खाली पाण्यात बोट दाखवून म्हणाले, "तुमी चुकल्या न्हाईसा बाय. आत्ता रस्त्यावरच हाईसा. त्यो जरा खाली हाय, येवढंच."

घरी आल्यावर मी अण्णांना विचारलं, हे नकाशावर लिहिलं का नाही? ते खरोखर बुचकळ्यात पडले. "ते काय लिहायचं? पाणी असतं तेव्हा पाणी असतं." इकडं रस्ता आहे का, असं विचारायचं नसतं. रस्ता कधी आहे, असं विचारायचं. हेही माझ्या वहीत आता दोन रेघांखाली आहे, आणि मैत्रिणींच्या बेतात त्या लाल रेघेच्या जागी निळी होडी काढली आहे.

काठ

निम्मं पाणी ओलांडलं तेव्हा अलका म्हणाली, "वहिनी, समोर बघ. नको, बघू नको."

मी बघितलं. पलीकडच्या काठावर, जिथं रस्ता पाण्याबाहेर येतो नेमक्या तिथं, एक टेम्पो उभा होता. हिरवा, पुढच्या काचेवर लिंबू-मिरची. बाळूचा टेम्पो. आणि त्याच्या पुढं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाण्यात मिलिंद उभा.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. रागाचं की कशाचं, सांगता येणार नाही. दोन दिवस चालवलेली गाडी, ते वळण, आणि शेवटी हा टेम्पो! ब्रेक दाबून दाबून हाताला रग लागली होती, तरी मी आणखी घट्ट दाबले.

नंतर कळलं ते असं. दुपारी जेवताना मिलिंदनं सहज विचारलं, "त्या येणार कुठून?" अण्णांनी रस्ता सांगितला आणि घास तोंडात घालता घालता म्हणाले, "पण आत्ता तिथं पाणी असेल." मिलिंद ताटावरून उठला. माझा फोन लागेना. तो बाळूकडं धावला.

होडी चिखलात रुतली. फळ्या पडल्या. तिघांनी गाडी धरली, मी बसल्या बसल्या खाली उतरवली आणि इंजिन चालू केलं. समोर डांबरापर्यंत वीसेक पावलांचा चढ, नुसता चिखल. क्लच सोडला तर मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरलं आणि बाळूचा शर्ट चिखलानं भरला. तो दोरी घेऊनच उभा होता.

"वहिनी, कशाला त्रास? टेम्पो उभाच आहे. दोन मिनिटांत चढवतो."

"बाळूभावजी, दोरी आत ठेवा." मग मी मिलिंदकडं वळून जवळजवळ ओरडलेच, "मी बोलावला नाहीये!"

"माहितीय," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "तू नाही बोलावलास. मलाच राहवलं नाही."

मी पुन्हा रेस केली. चाक पुन्हा गरगरलं, आणखी खाली गेलं. होडीतून दगडूमामा ओरडले, "मागं वजन नाय त्येला! मागं बसा की कुनीतरी, उभं काय ऱ्हायलाय!"

अलका अजून होडीतच होती, म्हातारीच्या पोत्यापलीकडं. मिलिंदनं टेम्पोकडं पाहिलं, दोरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. अलकानं डोक्यावरचं गुलाबी हेल्मेट काढून त्याच्याकडं फेकलं. त्यानं ते झेललं, घातलं, आणि माझ्या मागं बसला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

चाकानं माती धरली. गाडी एकदा उजवीकडं सरकली, एकदा डावीकडं, माझ्या तोंडातून काहीबाही निघालं, आणि आम्ही वर, डांबरावर. खाली काठावर टाळ्या वाजत होत्या. मी थांबले.

"उतर आता," मी म्हटलं. "टेम्पोतून ये."

तो उतरला नाही. "चल," म्हणाला. "अलकाला बाळू आणेल."

मग आम्ही निघालो. पाण्यावर उन्हं कलली होती आणि रस्ता रिकामा होता. आरशात मागून टेम्पो येत होता, हौदा मोकळा, केबिनमध्ये बाळूशेजारी बसून अलका हात हलवत होती. मिलिंदनं माझे दोन्ही खांदे धरले होते, बाळूची दोरी बरी इतके घट्ट. "हळू," तो म्हणाला. मग, "म्हैस आहे, म्हैस." मग, "वळण आहे हं पुढं." मी वळणं घेत राहिले. हळूहळू खांद्यावरची पकड सैल झाली. मग एक हात सुटला. धरणाची भिंत दिसायला लागली तेव्हा आरशात मला दिसलं, की तो बाजूच्या पाण्याकडं बघतोय.

थोड्या वेळानं गुलाबी हेल्मेट माझ्या कानाशी आलं.

"अगं, एवढं काय हळू? घे की जरा."